जुनी जीप घेतली आहे, मागचा रेशो नक्की किती ते कसं ओळखायचं? ४.२७ टाकावा का?

जुनीजीप_कर्वेनगर | शनिवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी.

चार महिन्यांपूर्वी सासवडकडून एक महिंद्राची एमएम ५४० जीप घेतली. प्युजोचं २११२ सीसी डिझेल, चार गिअरचा बॉक्स, फोर बाय फोर. बॉडीत पत्रा कमी आणि एमसील जास्त, पण चॅसी सरळ आहे आणि कागद स्वच्छ आहेत. टायर आधीच्या मालकाने २३५/७५ आर १५ टाकलेत.

तक्रार अशी, की काटा साठच्या पुढे गेला की गाडी एवढी ओरडते की शेजारी बसलेली बायको खुणांनी बोलते. जुन्या हायवेने लोणावळ्याला गेलो तर परतताना दोघांचंही डोकं धरलं. एक मित्र म्हणाला, मागचा रेशो बदल, ४.२७ टाक, गाडी मोकळी पळेल.

विकणारा सांगत होता, "साहेब, ओरिजनल पाच-अडतीस आहे, हात लावलेला नाही." नाना पेठेत चौकशी केली तर दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "दात किती? आठ-त्रेचाळीस की आठ-एकोणचाळीस?" मी म्हटलं गाडीचे ना? तो हसला नाही.

तर दोन प्रश्न. न उघडता रेशो कळतो का? आणि ४.२७ टाकावा का?

ता. क. फोर बाय फोरचा दांडा एकदा टाकला की कधी कधी निघत नाही. त्याचा याच्याशी संबंध नाही, त्यासाठी नंतर वेगळा धागा काढेन.


सदाशिव_पेठी | शनिवार, रात्री १०.५२

काटा साठच्या पुढे नेऊ नका. धागा बंद करायला हरकत नाही.


तेलकट_हात | शनिवार, रात्री ११.३०

पेठकर झोपले असतील असं धरून लिहितो.

आधी आकडा म्हणजे काय ते डोक्यात बसवा. गिअरबॉक्सकडून एक्सलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला पिनियन म्हणजे छोटं दातेरी चाक असतं, ते क्राऊनला म्हणजे मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं आणि क्राऊन चाकांना. क्राऊनला ४३ दात आणि पिनियनला ८, म्हणजे शाफ्टने ५.३७५ फेरे घेतले की चाकाचा एक फेरा. बोलीभाषेत पाच-अडतीस. ३९ भागिले ८ म्हणजे ४.८७५. ४७ भागिले ११ म्हणजे ४.२७. ४१ भागिले ११ म्हणजे ३.७३. जीपच्या घराण्यात हे आकडे पुन्हा पुन्हा भेटतात. जुन्या विलिज सीजे-३बी ला पाच-अडतीसच असायचा. आकडा मोठा तेवढी ओढ जास्त आणि पळ कमी, एवढं लक्षात ठेवा. "हाय रेशो" आणि "लो रेशो" हे शब्द वापरूच नका. निम्मे लोक उलट अर्थाने वापरतात आणि चुकीचा माल घरी येतो. दुकानात दातच सांगायचे. त्या दुकानदाराने बरोबर विचारलं होतं.

ओळखायचं कसं? डिफ्रेन्शियलच्या, म्हणजे एक्सलच्या मधल्या गोळ्याच्या, झाकणाच्या एखाद्या बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असते, तिच्यावर दात किंवा रेशो ठोकलेला असतो. घासलेट लावून पुसून बघा. पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. पट्टी घराची असते आणि दात म्हणजे आतले भाडेकरू. पंचवीस-तीस वर्षांत भाडेकरू किती बदलले ते पट्टीला माहीत नसतं.

खरी पद्धत म्हणजे हाताने मोजणं.

गाडी सपाट जागेवर घ्या. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा, सढळ हाताने. मागचं एकच चाक जॅकवर उचला आणि एक्सलखाली स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही, हे मी भोसरीत एकाचा हात गेलेला पाहून सांगतोय. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. जुन्या जीपना हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणाऱ्या डब्याच्या) मागे शाफ्टवरच असतो. तो ओढलेला राहिला तर शाफ्ट हलणारच नाही आणि तुम्ही इथे येऊन "क्राऊन जाम आहे" असा धागा काढाल.

टायरवर खडूची खूण, शाफ्टवर खडूची खूण. एक जण चाक फिरवेल, दुसरा शाफ्टचे फेरे मोजेल. आकडा इथे टाका, मग पुढचं बोलू.


ओम्नीवाला_हडपसर | रविवार, सकाळी ७.१५

ओम्नीला पण असंच चालेल का? तिलाही मागचा एक्सल आहे.


तेलकट_हात | रविवार, सकाळी ७.४०

चालेल. मागच्या चाकांना ओढ देणाऱ्या कुठल्याही गाडीला चालेल. स्विफ्टखाली शिरू नका म्हणजे झालं, तिथे मागे शाफ्टच नसतो.


जुनीजीप_कर्वेनगर | रविवार, दुपारी १२.०५

मोजलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये. वॉचमनकाका शाफ्ट मोजायला खाली आडवे झाले, त्यांचा उत्साह माझ्यापेक्षा जास्त. पट्टी कुठेही सापडली नाही.

चाकाचा एक पूर्ण फेरा, शाफ्टचे जेमतेम अडीच. नीट मोजलं तर २.४४ च्या आसपास.

आता हे काय? तुमच्या यादीत एवढा छोटा आकडाच नाही. मी रेसिंगची जीप घेतली की काय?


पिस्टनभाऊ | रविवार, दुपारी १२.२०

२.४४ म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा एक्सल ठोकलाय राव. फसवलं तुम्हाला.


तेलकट_हात | रविवार, दुपारी १२.५०

कुणी फसवलं नाही, थांबा जरा. माझंच पुढचं वाक्य लिहायचं राहून गेलं.

तुमचं दुसरं चाक जमिनीवर होतं, म्हणजे ते फिरत नव्हतं. डिफ्रेन्शियलचं कामच हे, की दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची सरासरी क्राऊनकडे जाते. एक चाक एकदा फिरलं, दुसरं शून्य, तर क्राऊन अर्धाच फिरला. म्हणून तुमचा आकडा निम्मा आला. चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक. २.४४ ची दुप्पट ४.८८.

दोन्ही चाकं उचलून मोजायला जाल तर आणखी घोळ होतो. एक पुढे फिरवलं की दुसरं कधी उलटं फिरतं, कधी थोडं सुलटं, आणि शाफ्टचा आकडा काहीही येतो. म्हणून एक चाक जमिनीवर पक्कं ठेवायचं, आणि एका फेऱ्यावर न थांबता दहा फेरे मोजायचे. एका फेऱ्यात खडूची खूण दोन बोटं इकडे-तिकडे झाली तर उत्तर बदलतं, दहा फेऱ्यांत ती चूक विरून जाते.

दहा फेऱ्यांना शाफ्टचे २४ आणि वर थोडे आले तर आठ-एकोणचाळीस. सत्तावीसला किंचित कमी आले तर आठ-त्रेचाळीस. एकवीस आणि वर पाव-अर्ध्याच्या मधे कुठे तरी आले तर अकरा-सत्तेचाळीस. यात गल्लत व्हायला जागा नाही.


जुनीजीप_कर्वेनगर | रविवार, दुपारी ४.३०

दहा फेरे, तीनदा मोजले. २४ आणि एक तृतीयांशाच्या जरा वर. म्हणजे आठ-एकोणचाळीस, ४.८८.

सासवडच्या गृहस्थांना माहीत नसावं किंवा सांगायचं नसावं. असो, त्यांनी चहा चांगला दिला होता. एक अर्थी बरंच झालं ना? पाच-अडतीसपेक्षा जरा मोकळा रेशो आधीच बसलाय.


जिप्सीवाली_ताई | रविवार, सायंकाळी ५.१०

पुढचा मोजलात का?

तुमचा ता. क. पुन्हा वाचा. फोर बाय फोरचा दांडा अडकतो म्हणालात. कुठे अडकतो, चिखलात की डांबरावर? आणि सोडवायला काय करता?


जुनीजीप_कर्वेनगर | रविवार, सायंकाळी ५.२५

पानशेतच्या पुढे कच्च्या रस्त्यावर टाकला होता, तिथे काही वाटलं नाही. डांबरावर आल्यावर निघेना. स्टिअरिंग जड झालं, गाडी कुणी मागून धरल्यासारखी वाटत होती. पाच-सहा मीटर रिव्हर्स घेतला आणि खट्ट करून निघाला. तेव्हापासून हीच युक्ती वापरतो.

पुढचा नाही मोजला. तोही वेगळा असू शकतो का?


जिप्सीवाली_ताई | रविवार, सायंकाळी ५.४५

असू शकतो नाही, असणार. आजच मोजा. मागच्या चाकांना दगड, पुढचं एक चाक वर, दांडा टू बाय टू मध्ये (ओढ फक्त मागच्या चाकांना). फ्री व्हीलिंग हब (पुढची चाकं एक्सलपासून सोडवणारे हब) असतील तर लॉक करा, नाहीतर चाक फिरत राहील आणि शाफ्ट जागेवर गप्प बसेल. बाकी सगळं तसंच.


जुनीजीप_कर्वेनगर | रविवार, रात्री ८.५५

दहा फेऱ्यांना सत्तावीसला किंचित कमी.

पुढे पाच-अडतीस, मागे चार-अठ्ठ्याऐंशी. वॉचमनकाकासुद्धा म्हणाले, "हे काय बरोबर नाय साहेब." चार महिने मी हे घेऊन फिरतोय.


सदाशिव_पेठी | रविवार, रात्री ९.०२

पुढचं कर्वेनगरला निघालंय, मागचं वारज्याला.


तेलकट_हात | रविवार, रात्री ९.४०

पेठकरांची उपमा यावेळी अचूक आहे.

फोर बाय फोरमध्ये ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडते. दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरणार. शाफ्ट तेवढेच फिरले तर तुमच्या मागच्या चाकांचे फेरे पुढच्यांपेक्षा दहा टक्क्यांनी जास्त. पुढची चाकं दहा मीटर गेली तर मागच्यांना अकरा मीटर जायचंय, आणि चॅसी तर एकच. चिखलात, मुरमात टायर घसरून तो फरक सोडून देतात, म्हणून तिथे तुम्हाला काही जाणवलं नाही. डांबरावर टायर घसरत नाही, मग सगळा पीळ शाफ्टमध्ये, शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसमध्ये आणि ट्रान्सफरच्या दातांवर साठतो. दांडा त्या पिळात अडकतो. रिव्हर्स घेतला की पीळ उलटा सुटतो म्हणून निघतो.

हे असं का झालं असेल त्याचा अंदाज आहे. मागचा क्राऊन गेला असेल, गॅरेजवाल्याला भंगारात आठ-एकोणचाळीसचा सेट किंवा आख्खा एक्सल मिळाला, बसवला. रोज टू बाय टू मध्ये चालणाऱ्या गाडीला काही कळतही नाही. जुन्या जीपमध्ये हे सर्रास दिसतं. म्हणून वापरलेली फोर बाय फोर घेताना पुढचा-मागचा दोन्ही मोजल्याशिवाय बयाणा देऊ नये.

निर्णय होईपर्यंत फोर बाय फोर टाकू नका. चिखलातसुद्धा नको.


जुनीजीप_कर्वेनगर | रविवार, रात्री १०.१०

नाही टाकत. मग आता दोन्हीकडे ४.२७ टाकून मोकळा होऊ का? एकाच दगडात दोन पक्षी?


एक्सप्रेसवे_रोज | सोमवार, सकाळी ९.२०

टाका ४.२७. मी आठवड्यातून तीनदा मुंबईला जातो, कमी आरपीएमला गाडी किती निवांत चालते ते मला विचारा. पाच-अडतीस ही शेतावरची चीज आहे.


घाटवाट | सोमवार, सकाळी १०.०५

तुम्ही कुठल्या गाडीने जाता ते पण सांगा ना. प्युजोची जीप घेऊन वरंधा चढून दाखवा ४.२७ वर. माझ्या मते दोन्हीकडे पाच-अडतीस करा आणि विषय संपवा. जीप घाटासाठी असते.


एक्सप्रेसवे_रोज | सोमवार, सकाळी १०.११

माझी फॉर्च्युनर आहे.


सदाशिव_पेठी | सोमवार, सकाळी १०.१२

🙏


तेलकट_हात | सोमवार, रात्री १०.३०

दिवसभर कामात होतो. आता जरा हिशेब मांडू, कारण सगळे जण मोजमाप सोडून चवीवर बोलताहेत.

जुनीजीप, तुमच्या टायरचा खरा घेर किती? कागदावर २३५/७५ आर १५ चा व्यास ७३३ मिमी, म्हणजे घेर २.३० मीटर. पण गाडीच्या वजनाने टायर दबतो. जमिनीवर खूण करून चाकाचे दहा फेरे होईपर्यंत गाडी ढकला आणि टेपने मोजा. आणि आणखी एक: मोबाइलच्या जीपीएसवर वेग बघा आणि त्याच वेळी काटा किती दाखवतो तेही.


जुनीजीप_कर्वेनगर | मंगळवार, रात्री ९.१५

दहा फेऱ्यांना २२.३ मीटर. वॉचमनकाका आणि त्यांचा भाचा ढकलायला.

काटा ५५ वर असताना फोनवर ६०-६१.


तेलकट_हात | मंगळवार, रात्री १०.२०

वा. हे बघा कसं जुळतंय. जीपच्या स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून येते, एक्सलच्या आधी. काटा अजून पाच-अडतीसच्या जमान्यात जगतोय. मागे ४.८८ बसल्यामुळे खरा वेग काट्यापेक्षा दहा टक्के जास्त. ५५ चे साडेसाठ. दात मोजायच्या आधीच तुमच्या काट्याने चुगली केली होती.

आता घेर २.२३ मीटर धरून टॉप गिअरचा हिशेब. चार गिअरच्या या बॉक्समध्ये टॉप म्हणजे डायरेक्ट, एकास एक. २५०० आरपीएमला पाच-अडतीसवर ६२ चा वेग, ४.८८ वर साडेअडुसष्ट, ४.२७ वर अठ्ठ्याहत्तर, ३.७३ वर जवळजवळ नव्वद.

म्हणजे तुमचा काटा साठ दाखवतो तेव्हा तुम्ही खरे सहासष्टने जाताय आणि इंजिन साधारण २४०० वर आहे. मंडळी, २४०० ही डिझेलने किंचाळायची पातळी नाही. ४.२७ टाकून त्याच वेगाला २१०० होतील. एवढ्या फरकाने तुमच्या घरातला खुणांचा संवाद थांबणार नाही. आवाज दुसरीकडून येतोय. इंजिनचे माउंटिंग रबर बघा, एक्झॉस्टचे जोड बघा, ट्रान्सफरच्या दांड्यांभोवतीचे रबरी बूट आहेत का बघा. ते फाटलेले असतील तर अख्खी ट्रान्सफर केस तुमच्या मांडीवर बसून गाते.

मग ४.२७ चं काय? दोन गोष्टी. पाच-अडतीसवरून ४.२७ म्हणजे चाकाशी पोचणारी ओढ प्रत्येक गिअरमध्ये वीस टक्के कमी. चार गिअरच्या बॉक्समध्ये दुसऱ्या-तिसऱ्यात मोठी दरी असते. आज जो चढ तिसऱ्यात कुरकुरत चढता, तो दुसऱ्यात चढावा लागेल, इंजिन तिथे जास्त ओरडेल. लो रेंज (ट्रान्सफर केसमधला जास्त ओढीचा गिअर) आहे म्हणाल, तर जुन्या जीपमध्ये लो टाकायला फोर बाय फोर आधी टाकावा लागतो आणि डांबरी घाटात ते करायचं नसतं.

दुसरी गोष्ट वारा. जीपची काच सरळ उभी, पुढचा भाग कपाटासारखा. वाऱ्याला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. साठवरून ऐंशीवर गेलात तर ती दुपटीहून जास्त, २.४ पटीच्या जवळ. रेशो बदलून इंजिनची ताकद वाढत नाही. लांब रेशोवर सपाटीला समोरून वारा आला की टॉपमध्ये वेग टिकत नाही, मग तिसरा टाका, आणि आरपीएम पुन्हा होते तिथे. पैसे गेले, क्राऊन गेला, आवाज तोच.

आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली तीस वर्षांची गाडी नव्वदने नेऊन करायचंय काय, हा प्रश्न मी वयामुळे विचारतो असं समजा.


एक्सप्रेसवे_रोज | बुधवार, सकाळी ८.५०

काका, बॉक्सच पाच गिअरचा टाकला तर?


तेलकट_हात | बुधवार, सकाळी ९.३०

हा प्रश्न चांगला आहे. पाचवा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनपेक्षा शाफ्ट जास्त फिरवणारा गिअर, साधारण ०.८ च्या आसपास धरला तर पाच-अडतीस हायवेला ४.३ सारखा वागतो आणि घाटात पहिले चार गिअर जसेच्या तसे. तत्त्वाने हाच उत्तम मार्ग. पण माउंटिंग बदलतं, दोन्ही शाफ्टची लांबी बदलते, शाफ्ट बॅलन्स करावे लागतात. एक गोष्ट बदलायला निघालो आणि सात बदलल्या, असं होतं. तसंच पाच गिअरच्या गाडीत जीपीएसने रेशो काढायचा असेल तर चौथ्यात मोजा, बहुतेक तोच डायरेक्ट असतो.


जिप्सीवाली_ताई | बुधवार, सकाळी १०.१५

यात जिप्सीवाल्यांसाठी एक पुस्ती. सुझुकीच्या एसजे४१० ला क्राऊन-पिनियन ३७ आणि ९, म्हणजे ४.११. एसजे४१३ ला ४१ आणि ११, म्हणजे ३.७३. लोक म्हणतात ४१० चे गोळे (डिफ्रेन्शियल) ४१३ ला टाकले की ओढ वाढते, ते खरं आहे. पण या गाड्यांत ट्रान्सफर केस हाय रेंजमध्येसुद्धा एकास एक नसते, ४१३ ला ती १.४०९ आहे. जीपसारखं गणित करून वेगावरून रेशो काढायला गेलात तर पाचाच्या वर उत्तर येईल आणि तुम्ही घाबराल. मी घाबरले होते. चाक-शाफ्ट मोजण्याच्या पद्धतीला मात्र याने काही फरक पडत नाही.


गणितज्ञ_कोंढवा | बुधवार, दुपारी २.००

एक शंका. हे ४३ आणि ८, ४७ आणि ११ असले विचित्र आकडे का? सरळ ४० आणि ८ का नाही ठेवत, पाच पट?


तेलकट_हात | बुधवार, रात्री ९.५०

मुद्दाम. ४० आणि ८ ठेवले तर पिनियनचा एक ठरावीक दात क्राऊनच्या त्याच पाच दातांना जन्मभर भेटत राहील. एका दाताला खोक पडली की तेच पाच खराब. ४३ आणि ८ यांना सामाईक भाजक नाही, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला आळीपाळीने भेटतो आणि झीज सगळ्यांत वाटली जाते.

यातूनच दुसरी गोष्ट येते. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात. दोघांवर एकच जोडी-नंबर कोरलेला असतो. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात कुणी "क्राऊन या गाडीचा, पिनियन त्या गाडीचा, दात सेम आहेत" म्हणाला तर पुढे चला. दात सेम असून भागत नाही, लग्न लागलेलं असावं लागतं.


जुनीजीप_कर्वेनगर | शुक्रवार, रात्री ९.००

ठरवलं. मागे ४.८८ राहू दे, पुढेही ४.८८ करतो. घाट आणि हायवे दोन्हींच्या मधला आहे आणि एकच बाजू उघडावी लागते.

सेट घेताना आणखी काय बघू?


तेलकट_हात | शुक्रवार, रात्री १०.००

दात स्वतः मोजा, खडूची खूण करून. पिनियनच्या आट्या, म्हणजे स्प्लाइन, तुमच्या फ्लँजशी जुळतात का बघा. जुना पिनियन पिशवीत घालून न्या, तोंडी वर्णनावर माल घेऊ नका. दातांच्या पृष्ठावर खड्डे, निळसर जळका रंग किंवा कडेला चकाकी दिसली तर नको. आणि पुढच्या एक्सलचा सेट पुढच्याच हाऊसिंगचा हवा. मागचा तिथे बसतोच असं नाही.

४.८८ घेताय म्हणून एक डोकेदुखी वाचली. डाना ४४ जातीच्या एक्सलमध्ये ३.७३ पर्यंतच्या रेशोंना एक कॅरिअर (क्राऊन ज्यावर बसतो तो भाग) लागतो आणि ३.९२ पासून वरच्यांना दुसरा. ३.७३ च्या मागे लागलेल्या माणसाला ही गोष्ट सगळं खोलल्यावर कळते.

बसवणाऱ्याकडे डायल गेज (बारीक मोकळीक मोजायचं घड्याळ) आहे का ते आधी विचारा. हाताने हलवून "बरोबर आहे" म्हणणारा नको. दातांमधली मोकळीक मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांत असते, ती बोटांना कळत नाही. आणि ठसा बघायला लावा. आमच्या वेळी तेलात शेंदूर कालवून क्राऊनच्या चार-पाच दातांना फासायचे आणि हाताने फिरवायचे. शेंदूर जिथून पुसला जाईल तिथे दात टेकतोय. ठसा दाताच्या मधोमध आला पाहिजे. एका टोकाला गेला तर शिम म्हणजे पातळ चकत्या कमी-जास्त करायच्या आणि परत सगळं पहिल्यापासून. चांगला कारागीर हे तीन-चारदा करतो आणि कंटाळत नाही. मारुतीरायाच्या अंगावर असतो तोच शेंदूर बरं का, त्यामुळे आमच्या गॅरेजात या कामाआधी कुणी शिव्या देत नसे.

तेल ईपी ९०, जीएल-५ च. पण तेच तेल जुन्या गिअरबॉक्समध्ये ओतू नका, आतल्या पितळी रिंगांना जीएल-५ मानवत नाही.


पिस्टनभाऊ | शुक्रवार, रात्री १०.२०

खर्च किती येईल साधारण?


जुनीजीप_कर्वेनगर | शुक्रवार, रात्री १०.२५

आकडा इथे लिहीत नाही. बायको हा धागा वाचते.


जुनीजीप_कर्वेनगर | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ८.१०

अपडेट द्यायला उशीर झाला.

पहिला सेट परत केला. दुकानात आठ-एकोणचाळीस म्हणून दिला, घरी मोजले तर नऊ-एक्केचाळीस. नवा डबा, लेबल बरोबर, आतला माल वेगळा. दुकानदाराने काही न बोलता बदलून दिला, त्यालाही डबा उघडून बघायची सवय नसावी. दुसरा बरोबर निघाला, जोडी-नंबर जुळला.

बसवणारे वडगावचे एक वयस्कर मिस्त्री. डायल गेज आहे का विचारलं तर म्हणाले, "तुम्हाला कोणी शिकवून पाठवलंय?" पण होता. शेंदूर मात्र नाही, निळं लावतात आता. ठसा तिसऱ्या वेळी जमला. पहिले वीस किलोमीटर हळू चालवून गाडी थंड होऊ दिली, आता आठशे झाले की तेल बदलणार.

घरी आल्यावर पुढचं चाक उचलून दहा फेरे मोजले. चोवीस आणि एक तृतीयांशाच्या जरा वर. वॉचमनकाकांनी स्वतःहून टाळी दिली.

आवाजाचं काकांनी सांगितलं तेच. इंजिनचं एक माउंटिंग रबर दोन तुकड्यांत होतं आणि ट्रान्सफरच्या दांड्याखालचा बूट जागेवर नव्हताच, तिथून थेट रस्ता दिसत होता. दोन्ही बदलले. हे मी पहिल्या दिवशी केलं असतं तर हा धागा निघाला नसता, आणि पुढचा एक्सल कधी मोजलाही नसता.

काल पानशेतच्या पुढे त्याच कच्च्या रस्त्यावर फोर बाय फोर टाकला. डांबर यायच्या शंभर मीटर आधी दांडा ओढला, एका बोटाने बाहेर आला. रिव्हर्स नाही, खट्ट नाही.

स्पीडोमीटर तसाच आहे. केबलच्या टोकाचा छोटा गिअर मिळाला तर बदलेन, तोवर काट्यात एक दशांश मिळवतो.


घाटवाट | रविवार, रात्री ८.३०

मिळवायला विसरू नका. एक्सप्रेसवेच्या कॅमेऱ्याला तुमचा काटा दिसत नाही.


सदाशिव_पेठी | रविवार, रात्री ८.४५

म्हणजे शेवटी साठच्या पुढे गेलातच.


जुनीजीप_कर्वेनगर | रविवार, रात्री ८.४७

काट्यावर नाही.